दादाच्या पेशी

मी गाव सोडलं त्या सकाळी अख्खी वाडी आपापल्या पडवीत उभी होती, पण रस्त्यावर एक माणूस आलं नाही. दारात गाडी लागलेली, माझी पुतणी मेघा औषधांची फाईल मांडीवर घेऊन पुढे बसलेली, आणि तुम्ही मंडळी खांबाआडून माना काढून बघताय. जसं काय माझ्या नाकातून येणारं रक्त उडून तुमच्या अंगणात पडणार होतं. शेजारची इंदू तेवढी दगडी गडग्यापर्यंत आली. म्हटलं चला, एकीला तरी माणुसकी आहे. "सुलूताय, बरी होऊन ये गो," ती म्हणाली, डोळ्यांना पदर लावला, आणि तोच पदर खाली करून विचारलं, "तो तुझा भाताचा मोठा टोप हितंच हाय ना?" मी गाडीची काच वर केली.

तुम्हाला मी कोण ते सांगायला नको, पण हे वाचणारे सगळेच काही आपल्या गावचे नसतील. तर मी सुलभा. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर माझी खानावळ होती, घरगुती जेवणाची. माहेर वरच्या वाडीत, सासर खालच्या वाडीत, मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. एवढाच माझा जन्मभराचा प्रवास. नवरा गेल्यावरही मी चूल विझू दिली नाही. पुण्या-कोल्हापूरकडचे पाहुणे यायचे, देवाला हात जोडून झाले की माझ्याकडे ताटावर बसून नाकं मुरडायचे. सोलकढी गुलाबी का, भाकरी तांदळाची का, माशाला काटे का. काट्याशिवाय मासा हवा असेल तर दुधी खा, असं मी एकाला तोंडावर सांगितलं होतं. तो दरवर्षी यायला लागला. काही लोकांना अपमानाचीच चव लागते.

मग थकवा आला, अंगावर उगाचच निळे डाग उठायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. गावातल्या निम्म्या लोकांनी निदान करून टाकलं, की ही बाई वचावचा बोलते म्हणून उष्णता डोक्यात गेली. उरलेल्यांनी बाहेरची बाधा ठरवली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मात्र रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईकडे जायला सांगितलं. ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर. इंदूला टोप दिसला, त्याच्या आधी ही सगळी कहाणी झालेली होती.

मेघा माझ्या दिराची मुलगी, पनवेलला एका कंपनीत नोकरी करते. तिच्या खोलीत मी माझं अंथरूण टाकलं आणि पनवेलकर झाले. तिसरा मजला, लिफ्ट आहे पण बहुतेक वेळा बंद. सोसायटीतल्या बायका मला पहिल्या दिवसापासून सल्ले द्यायला लागल्या. पॉझिटिव्ह राहा. गव्हांकुराचा रस घ्या. हसत राहा, हसण्याने पेशी वाढतात. कुठल्या पेशी, ते मात्र कोणी सांगायचं नाही. माझ्या तर नको त्याच वाढत होत्या. एकीने हळू आवाजात विचारलं, हे पसरतं का हो? मी म्हटलं, तुमच्या जिभेइतकं नाही.

आणि तुम्ही, जे गाव सोडून बोरिवलीला, मस्कतला, दुबईला जाऊन बसलात आणि गावच्या ग्रुपवर रोज सकाळी समुद्राचा फोटो टाकता, तुमचीही मला कीव येते. तुमचं गाव म्हणजे मे महिन्याचे आठ दिवस, आंब्याची पेटी आणि विमानतळावरची रडारड. मीही सुरुवातीला तशीच झाले होते. पनवेलच्या बाजारात कोळणीसमोर उभी राहून मनात म्हणायची, हा बांगडा आमच्याकडे मांजराला घातला असता. रात्री भरती-ओहोटीचा आवाज नाही म्हणून झोप यायची नाही. अरे पण झोप येत नव्हती ती अंगात ताप होता म्हणून. समुद्राचा काय संबंध? माणूस आजारालाही गावाची आठवण म्हणतो आणि स्वतःला मोठा हळवा समजतो.

मुंबईच्या हॉस्पिटलात केमो झाली. केस गेले, चव गेली, रिपोर्ट चांगला आला. मग काही महिन्यांत तो पुन्हा उलटला. माझ्या डॉक्टरबाई वयाने माझ्या मुलीसारख्या, मला मुलगी असती तर. त्यांनी समोर बसून सरळ सांगितलं, की आजार परत आलाय, पूर्ण बोनमॅरो ट्रान्सप्लांट तुमचं हृदय सोसणार नाही, पण एका नव्या उपचाराची चाचणी चालू आहे, तिच्यात तुम्ही बसू शकता. सांगताना त्या खोटं हसल्या नाहीत, म्हणून मला त्या आवडल्या. "गॅरंटी नाही हं, ताई," त्या म्हणाल्या. "काहींना उपयोग होतो, काहींना नाही. पण याच्याशिवाय माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही." मग विचारलं, "रक्ताचं जवळचं माणूस कोण आहे? आई, वडील, मूल, भावंडं?"

मी म्हटलं, कोणी नाही.

मेघाने माझ्याकडे असं बघितलं की मी पेशंट नसते तर तिने मला चिमटा काढला असता. मला भाऊ आहे. वसंत. आम्ही दोघंच भावंडं, तो मोठा. वरच्या वाडीतला मानकरी, शिमग्यात देवीच्या पालखीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर असतो, त्याच्या आधी तो दांडा आमच्या बाबांच्या खांद्यावर होता. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या शिमग्याला पालखी माझ्या दारी आली तेव्हा देवीची ओटी मी स्वतः भरली. घरात दुसरी बाई नव्हती, आणि असती तरी मीच भरली असती. देवी काही बोलली नाही. तुम्ही बोललात. विधवेने ओटी भरली म्हणून गावकीची बैठक लावलीत, आणि पुढच्या वर्षी ढोल वाजवत पालखी माझ्या दारावरून सरळ पुढे नेलीत. मी तांब्यात पाणी घेऊन पायरीवर उभी. पुढच्या दांड्याला माझा सख्खा भाऊ, आणि त्याने मान वळवली नाही. त्यानंतर मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तो मला मेला होता, फक्त जेवत-खात होता.

मेघाने मला न विचारता त्याला फोन केला. रत्नागिरीच्या लॅबमध्ये जाऊन त्याने मुकाट्याने रक्ताचा नमुना दिला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरबाईंचा चेहरा खुलला. त्या कागदावर चित्र काढून समजावायला लागल्या. आपल्या रक्तात काही पेशी असतात, त्यांचं नावच नॅचरल किलर, नैसर्गिक मारेकरी. दिवसभर शरीरात गस्त घालतात. समोर आलेल्या प्रत्येक पेशीला विचारतात, तू घरचीच ना? ओळख पटली की सोडून देतात. माझ्या कॅन्सरच्या पेशी घरच्याच वेशात हिंडतात, म्हणून माझे पहारेकरी त्यांना नमस्कार करून पुढे जातात. भावाच्या पेशी माझ्याशी अर्ध्या जुळतात. पण ओळखीची जी खूण त्याच्या मारेकरी पेशींना पाहिजे, ती माझ्याकडे नाहीच. म्हणजे त्या माझ्या आजारी पेशींना आपलं मानणार नाहीत, धरून मारतील. चांगल्या पेशींना सहसा हात लावत नाहीत, कारण त्यांच्यावर धोक्याच्या खुणा नसतात.

"थोडक्यात, ताई, त्यांच्या पेशी तुम्हाला पुरतं ओळखत नाहीत, तेच आपल्याला हवंय."

"एवढ्यासाठी टेस्ट कशाला केलीत?" मी म्हटलं. "मला विचारायचं होतं. तो मला कित्येक वर्षं ओळखत नाही."

डॉक्टरबाई हसल्या. मला हसू आलं नाही. ज्या माणसाचं नाव मी तोंडातून काढत नव्हते, त्याच्या रक्तावर माझा जीव टांगलेला होता. आणि जगायची मला भयंकर इच्छा होती, ते तुमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नसेल. शहाण्या बायकांनी अशा वेळी म्हणे देवाचं नाव घेऊन डोळे मिटायचे असतात. मला तर चुलीसमोर घाम पुसत आणखी शंभर लोकांना टाकून बोलायचं होतं.

मग आमचे बंधुराज फोनवर म्हणाले, देवीचा कौल घेतल्याशिवाय येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलाच्या कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतात, आणि वाट बघत बसतात. उजवीकडची कळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. ओलसर हवा, कोपऱ्यात पंखा, दारातून खाडीचा वारा. त्यावर आमच्या गावात लग्नं ठरतात आणि विहिरी खणतात. इकडे प्रयोगशाळेत शिकलेली पोरं पांढरे कोट घालून पेशी मोजतायत आणि तिकडे माझं आयुष्य कोणती कळी आधी सुकते यावर. मी मेघाला म्हटलं, त्याला सांग, येऊ नकोस. मरते मी. कळी पडायची वाट बघत मी जगणार नाही. मेघाने अर्थातच सांगितलं नाही.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "उजवा लागला," एवढंच म्हणाला. "रात्रीच्या गाडीने निघतंय."

तो आला तो पांढरी टोपी, धोतर आणि हातात भलीमोठी पिशवी घेऊन. पिशवीत कुळथाचं पीठ, आमसुलं आणि वहिनीने तळून दिलेल्या सांडग्या मिरच्या. माझे रक्तातल्या पेशींचे काउंट खाली, बाहेरचं काही खायची बंदी, मला काचेपलीकडे ठेवलेलं. सिस्टरने पिशवी आत घेऊ दिली नाही तेव्हा तो तिच्याशी भांडला. "अहो, घरचं हाय ता! बाहेरचं कुठं हाय?" त्या केरळच्या पोरीला काय कळणार! शेवटी पिशवी मेघाने घरी नेली, आणि तो कॉरिडॉरमध्ये मुंबईला शिव्या देत बसला. माझ्याशी काय बोलावं ते त्याला कळेना. काचेतून बघून एकदा म्हणाला, "बारीक झालीस गो." कॅन्सरमध्ये माणसं जाड होतात असं त्याला वाटत असावं.

त्याच्या दोन्ही हातांत सुया घालून त्याला मशीनला जोडलं. एका हातातून रक्त जायचं, मशीन हव्या त्या पेशी काढून घ्यायचं, बाकीचं दुसऱ्या हातातून परत. तासन् तास हलायचं नाही. मेघा सांगत होती, तो डोळे मिटून पुटपुटत होता, घामाने भिजला होता. मी म्हटलं, सुईला घाबरतो, पालखी नाचवताना बरा शूर असतो. मग लॅबने त्यातून मारेकरी पेशी निवडल्या, त्यांना औषध देऊन चेवात आणलं, आणि एक पिशवी माझ्या सलाईनच्या दांड्याला लावली. केवढीशी पिशवी! शहाळ्याच्या पाण्यात चमचाभर दूध पडावं तसा रंग. एवढ्यासाठी एवढं रामायण, असं मी सिस्टरला म्हणाले. त्या रात्री मला अशी हुडहुडी भरली, असा ताप चढला, की दात वाजत होते. दादाचा राग आहे हा, मला वाटलं, इतकी वर्षं दाबून ठेवलेला, आता माझ्या हाडांत शिरलाय. खरं सांगते, त्या तापात मी त्याला मोठ्याने हाका मारल्या. आणि तो काचेपलीकडे होता. घरी गेलाच नव्हता.

त्या पेशी आपल्या अंगात कायमच्या राहत नाहीत. थोडे आठवडे राहतात, काम करतात आणि संपतात. त्या थोड्या आठवड्यांत मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. अंगात घेतलेल्या माणसाला शिव्या देणं मला जमेना, ते बरं दिसत नाही. तो गावी परतला. मी बोनमॅरोच्या रिपोर्टची वाट बघत बसले, आणि वाट बघण्यासारखं घाणेरडं काम नाही.

रिपोर्ट चांगला आला. मज्जेत आजारी पेशी सापडल्या नाहीत. डॉक्टरबाईंनी परत बजावलं, याचा अर्थ कायमचं बरं झालं असा नाही, फॉलोअप लागेल, इथेच जवळ राहायचं. पण मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून चहा घेतला आणि मला चहाची चव लागली. मी रडले. कोणाला लाज वाटायची असेल तर वाटू दे.

आणि मग तुम्ही सुरू झालात. ग्रुपवर देवीचे फोटो. "उजव्या कौलाचा प्रत्यय!" "आईने सुलूतायला तारलं!" ज्यांनी माझ्या दारावरून पालखी पुढे नेली, त्यांनीच हात जोडल्याची ओळच्या ओळ टाकली. आईने तारलं, आणि ते हॉस्पिटलवाले काय झांजा वाजवत होते? ती लॅबमधली मुलगी, जी माझ्या पेशींसाठी रविवारी कामावर आली, तिला एक नारळ तरी पाठवलात? उलट शिमग्याच्या आधीच्या बैठकीत तुम्ही ठरवलंत, की सुलूतायला मानाने बोलवायचं, तिच्या दारी पालखी न्यायची, ओटीसुद्धा तिलाच भरू द्यायची. केवढे उपकार! पाप धुवायला तुम्हाला चमत्कार लागतो, साधी शरम पुरत नाही.

खोटं कशाला बोलू, मला जावंसं वाटलं. मेघाकडून मी नवीन पातळ आणवलं होतं.

त्या बैठकीत काय झालं ते मला वहिनीने फोनवर सांगितलं, रडत रडत. सगळे होय होय करत होते, नारळ ठेवायचा तेवढा बाकी, आणि दादा उठला. देवीसमोर उभा राहून म्हणाला, "नारळ ठेवू नका. कौल उजवा नव्हता. तीनदा लावला, तीनदा डावा आला. पहिल्यांदा इचारला, बहिणीला देऊ काय? डावा. मग इचारला, दिला तर माझी पोरंबाळं सुखरूप राहतील काय? त्याचापण डावा. तिसऱ्यांदा इचारला, ती जगेल काय? डावा. गुरवाला मी गप केला. मी खोटा बोललो आणि गेलो."

गुरव खाली बघत होता. कोणीतरी विचारलं, अरे मग तुला भीती नाय वाटली? वहिनी म्हणाली, तो म्हणाला, "वाटली तर. अजून वाटते."

तुम्ही त्याला दांड्यावरून काढलंत. देवीच्या नावाने खोटं बोलला म्हणून. माझ्या दारी पालखी न्यायचंही रद्द केलंत, कारण चमत्कारच राहिला नाही. मला फोन ठेवल्यावर आधी राग आला तो त्याचाच. मूर्ख माणूस! गप्प बसला असता तर त्याचा मान राहिला असता, माझाही आला असता. कोणाला कळणार होतं? मी दोन दिवस त्याला मनातल्या मनात वेडा, ठोंब्या, काय काय म्हणत होते. मग भांडी घासता घासता माझे हात थांबले. माझ्यासाठी त्या नुसत्या कळ्या होत्या. त्याच्यासाठी नव्हत्या. मशीनवर पडून तो घामाने भिजला होता तो सुईला घाबरून नाही. देवीने तीनदा नको म्हटलेलं काम तो करत होता, आपल्या लेकरांवर काय कोसळेल याची खात्री धरून, आणि हात हलवत नव्हता. मी काचेमागून त्याला भित्रा म्हटलं होतं.

तुमच्यात एक तरी असा आहे का? जो देव मानतो आणि तरी माणसासाठी देवाच्या विरुद्ध जातो? तुम्ही तर देवाचं नाव घेऊन माणसाच्या विरुद्ध जाता. ते सोपं असतं, त्याला ढोल लागतात फक्त.

आता मला लोक विचारतात, बरी झालीस, मग घरी कधी जाणार? कुठलं घर? तो टोप इंदू केव्हाच घेऊन गेली असेल, लखलाभ होवो. खानावळीच्या छपराची कौलं माकडांनी फोडली म्हणे. मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की मला पन्नाशी उलटल्यावर, पनवेलमधल्या तिसऱ्या मजल्यावर कळलं की मला भाऊ आहे. तो दर आठवड्याला फोन करतो. नमस्कार नाही, कशी आहेस नाही, पहिला प्रश्न एकच, "काउंट किती?" मी सांगते. मग नुसता त्याचा श्वास ऐकू येतो. तो अजून घाबरतो, की डावा कौल कधीतरी खरा होईल. मी त्याला म्हणते, मेल्या, मी तुझ्या आधी मरत नाही. तेवढ्याने त्याला बरं वाटतं.

या शिमग्याला तो जन्मात पहिल्यांदा गावाबाहेर आहे. काल आला, तीन मजले चढून, परत पिशवीभर कुळीथ घेऊन. या वेळी सिस्टर नव्हती अडवायला. सकाळपासून तो खिडकीत बसून आहे. गावात आता पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली असेल, हे मला कळतं आणि त्यालाही. मी पिठलं केलं, तांदळाची भाकरी केली, सांडगी मिरची तळली आणि ताट त्याच्या पुढ्यात ठेवलं.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कोणाला ढोल वाजवता वाजवता आठवण झाली आणि वसंत कुठे दिसत नाही असं वाटलं, तर शोधत बसू नका. तो त्याच्या बहिणीकडे आहे, आणि जेवतोय.